कौलांखालचा पहिला पावसाळा

मृग, १२ जून

आज एकदाचा गॅस मिळाला. इतके दिवस वीज असेल तेवढ्या वेळात इंडक्शनवर खिचडी आणि चहा, एवढंच चाललं होतं. आज पहिल्यांदा वरण, भात, भाजी असा पुरा स्वयंपाक झाला. डाळ लातूरची, तांदूळ इथला. देवापुढे नैवेद्य दाखवला आणि खोक्यांच्या राशीतच पानं मांडली.

खोकी अजून निम्मी बांधलेलीच आहेत आणि आता खालून ओलसर होऊन बसायला लागली आहेत. ह्यांची बदली ऐन मे अखेरीस आली. लातूर सोडलं तेव्हा अंगाची लाही होत होती. कुंभार्ली घाट उतरलो आणि जो पाऊस लागला, तो दापोली येईपर्यंत सुटला नाही. ट्रकची ताडपत्री एका कोपऱ्यात फाटलेली होती आणि त्याच कोपऱ्यात गाद्या होत्या. कापसाच्या गादीत पाणी मुरलं की तिला कडक ऊनच लागतं. इथे ते आता ऑक्टोबरपर्यंत विसरायचं. शेवटी लग्नातली मोठी गादी उसवली. आईने पिंजाऱ्याला घरी बोलावून, समोर बसून पिंजून घेतलेला कापूस होता तो. काळा पडला तेवढा टाकला, उरलेला पडवीत जुन्या साड्यांवर पसरलाय. रोज येता-जाता हाताने उलटा-सुलटा करते. वाळेल की नाही सांगता येत नाही, पण फेकवत नाही.

घर चिऱ्याचं, जुनं. पुढे पडवी, मग माजघर, स्वयंपाकघर आणि सगळ्यात मागे पत्र्याची खोली. मालक मुंबईला असतात. शेजारच्या काकी सांगत होत्या की मागच्या बाजूलाही आधी कौलंच होती. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं त्यात ती बाजू वाशांसकट गेली. माडपोफळी आडव्या झाल्या, वीज कितीतरी दिवस नव्हती. मग घाईने पत्रे टाकले ते तसेच राहिले.

सासूबाईंनी आल्या आल्या भिंतींवरून हात फिरवला, वर पाहिलं, आणि आपली वळकटी उचलून सरळ त्या पत्र्याच्या खोलीत नेली. "मी हितंच झोपणार." आम्ही कोणीच काही बोललो नाही.

आर्द्रा, २४ जून

घर गळतंय. एका जागी असतं तर टोपलं ठेवून भागलं असतं. माजघरात दोन ठिकाणी, स्वयंपाकघरात ओट्याच्या बरोबर वर आणि लेकीच्या दप्तराच्या कोनाड्यात.

इथे दर उन्हाळ्यात घर शाकारून घेतात. सगळी कौलं उतरवायची, झाडायची, फुटकी बदलायची, कुजलेली रीप नवी घालायची, मग पाऊस. हे घर रिकामं होतं, त्यामुळे ते काम राहून गेलं, आणि वर माकडं. फणसाच्या झाडावरून उडी टाकतात ती थेट आढ्यावर. एकेका उडीला कौलं सरकतात. कारागिराला निरोप धाडला तर म्हणाला, शेवाळलेल्या ओल्या कौलावर पाय ठरत नाही, चार दिवसांची उघडीप मिळू दे. बरोबरच आहे त्याचं. आपल्या गळतीपायी कोणाचे हातपाय मोडायला नकोत.

तोवर भांडी लावली आहेत. आणि त्या भांड्यांतलं पाणी मला ओतवत नाही.

हे इथे कोणाला सांगून कळणार नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडं पडलं होतं. लातुरात पाणी भरण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावली होती. मग मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. पहिली गाडी १२ एप्रिलला पोचली, पाच लाख लिटर घेऊन. तेव्हा लेक अगदी तान्ही. तिला आंघोळ घालायची ती परातीत बसवून. परातीतलं पाणी लंगोटांना, लंगोटांचं पाणी फरशीला, फरशीचं मोरीत. भाजी धुतलेलं तुळशीला. तेव्हापासून पाणी दिसलं की हात आपोआप भांडं शोधतो. इथे आल्यावर मी गळतीचं पाणी गाळून बादल्या भरल्या, हंडे भरले, पिंपही भरलं. काकी दाराशी आल्या, बघत राहिल्या, म्हणाल्या, "अगो बाय, विहीर तोंडाला येईल आता. ओत ते बाहेर, डास होतील."

लातूरला वर्षभरात सात-आठशे मिलिमीटर पडला तर वर्ष चांगलं गेलं म्हणतात. दापोलीत साडेतीन हजारांच्या आसपास पडतो, तोही चार महिन्यांत. आकडा ऐकून माहीत होता. अंगणातून पाण्याचा लोंढा पायरीला लागून वाहताना पाहिला तेव्हा कळला.

संध्याकाळी पिंप ओतलं. पाणी गडग्याकडे वाहत गेलं तोवर तिथेच उभी होते. एक हंडा मात्र भरलेला ठेवला आहे. तो राहू दे.

पुनर्वसू, ९ जुलै

पावसाला इथे या दिवसांत तरणा पाऊस म्हणतात. पुढच्या पुष्यातला तो म्हातारा. तरण्याचा जोर खराच आहे. काल रात्री फ्रिजचं काहीतरी जळलं, विजेचा दाब कमीजास्त झाल्यामुळे. दुरुस्तीला नेलाय. दूध दोनदा तापवायचं, भाजी त्या दिवसापुरती आणायची. टाकळ्याची कोवळी पानं बांधावरच मिळतात. काकींनी ती खोबरं आणि फणसाच्या आठळ्या घालून कशी करायची ते दाखवलं. लेकीने मागून घेतली.

भाकरीचं मात्र जिवाला लागलं होतं. लातूरहून ज्वारी दळूनच आणली होती, आल्या आल्या गिरणी कुठे शोधा म्हणून. या हवेत पिठाची विरी गेली. थापायला घेतली की कडा फाटतात, उचलली की मधून तुटते, तव्यावर टाकली तर पापुद्रा येत नाही. ह्यांनी मुकाट्याने तुकडे कुस्करून वरणाबरोबर खाल्ले. सासूबाई ताट बाजूला सारून उठल्या, परातीजवळ बसल्या. आधण ठेवायला सांगितलं. पाणी खदखदलं तशी पिठात खळगा करून त्यात ओतलं, वरून कोरडं पीठ सारलं, ताट झाकून तसंच ठेवलं. वाफ जिरल्यावर पाण्याचा हात लावत तळहाताच्या उंचवट्याने ते इतकं रगडलं की कपाळावर घाम आला. मग एक गोळा हातावर फिरवून परातीत टाकला. चार बोटं जुळवून, कडेकडेने, परात जराशी फिरवत. फुटली नाही. तव्यावर वरून पाणी फिरवलं, उलटली, आणि विस्तवावर टम्म फुगली. पापुद्र्याला बोटाने भोक पाडून त्यांनी त्यात तेल-मीठ सोडलं आणि नातीच्या हातात दिली.

त्या किती दिवसांनी काही करायला बसल्या होत्या!

बाकी रोजचं काय लिहायचं? मीठ पाघळतं, म्हणून ते आता चिनी मातीच्या बरणीत. काडेपेटी सादळते, म्हणून ती डाळींच्या डब्यात. शाळेच्या बुटांना एका रात्रीत बुरशी. कपडे न्हाणीतल्या चुलीवर दोरी बांधून वाळवायचे. चुलीत नारळाची सोडणं पेटतात, त्यांचा धूर कपड्यांना लागतो. सुरुवातीला तो वास नको वाटायचा. आता ह्यांचा शर्ट घडी करताना धुराचा वास आला की तो वाळलाय याची खात्री पटते आणि बरं वाटतं.

पुष्य, २५ जुलै

सासूबाईंचे गुडघे धरले आहेत. पत्र्याच्या खोलीत खालून ओल येते. वर पाऊस असा बडवतो की शेजारी बसून बोललेलं ऐकू येत नाही. माजघरात चला म्हटलं की मान हलवतात. काल काकींनी विचारलं, म्हातारीला तिथे का ठेवलंस गो? चिडून विचारलं होतं त्यांनी. तेव्हा मग मला सांगावं लागलं.

३० सप्टेंबर १९९३. किल्लारीजवळचं आमचं गाव. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झालेली, गणपती बोळवून लोक उशिरा झोपले होते. पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली. त्या भागातली घरं म्हणजे मातीत रचलेल्या गोल दगडांच्या जाड भिंती आणि वर माळवद. लाकडी तुळया, त्यांवर फळ्या आणि त्यांवर माती. माळवद गळू नये म्हणून लोक पावसाळ्याआधी वर नवी माती टाकत, जुनी काढत नसत. वर्षानुवर्षांचा तो थर झोपलेल्या माणसांच्या अंगावर आला. दहा हजारांच्या जवळपास माणसं गेली. आमच्या घरातले माझे धाकटे चुलत सासरे गेले. सासूबाई लेकराला घेऊन अंगणातल्या बाजेवर झोपल्या होत्या म्हणून वाचल्या. त्यानंतर बरीच वर्षं त्या पत्र्याच्या शेडमध्ये राहिल्या. पुनर्वसनातलं सिमेंटचं घर मिळालं तरी उन्हाळ्यात त्या बाहेरच झोपत. पत्रा पडला तरी माणूस मरत नाही, एवढं त्या एकदाच बोलल्या होत्या, माझ्या लग्नानंतर.

काकी ऐकून गप्प बसल्या. मग उठून गेल्या आणि भाताच्या पेंढ्याची जाड गुंडाळी घेऊन आल्या. "ही खाली घाल. तोवर तरी." घरच्या गाईसाठी ठेवलेला पेंढा होता तो.

घर लावायचं म्हणजे कपाट कुठे आणि देव्हारा कुठे, हे मी पहिल्या आठवड्यात ठरवून टाकलं होतं. कोणाला कुठे झोप लागते, हे ठरायला मात्र वेळ लागतो आणि तो द्यायलाच हवा. मी त्यांना समजवायचं सोडून दिलं. रात्री त्यांच्या गुडघ्यांना तेल लावायला मीच मागच्या खोलीत जाते आणि तिथेच आमच्या गप्पा होतात.

आश्लेषा, ६ ऑगस्ट

उघडीप! श्रावणातली पिवळी उन्हं पडली आणि कारागीर मुलाला घेऊन दारात हजर. माजघरावरची कौलं त्यांनी ओळीने उतरवायला घेतली. मुलगा वरून द्यायचा, बाप खाली रचायचा. आत उजेड आला. रीप, वासे, आढं सगळं उघडं पडलं आणि मधून निळं आकाश.

सासूबाई चौकटीला धरून आत आल्या, वर बघत राहिल्या. मग रचलेल्या ढिगातलं एक कौल त्यांनी उचललं. मंगलोरी कौल. पाठीवर कारखान्याची छाप, कडेला शेवाळाचा काळपट पट्टा. दोन-अडीच किलोचं असेल. त्यांनी ते या हातातून त्या हातात घेतलं, उलटं केलं, नखाने टिचकी मारली. खणखणीत वाजलं.

"वर येवढंच हाय? माती न्हाई?"

कारागीर म्हणाला, "माती कशाला आजी? कौल, रीप, वासा. मधे हवा."

"आन् ह्याच्यावर?"

"ह्याच्यावर पाऊस."

त्यांनी पुन्हा वर पाहिलं. मग त्याला किती वर्षं हे काम करतोस, कुठलं लाकूड, वाळवी कशी बघतोस, असं बारीक बारीक विचारत राहिल्या. त्याने एक वासा ठोकून दाखवला, आवाज कसा भरीव येतो ते ऐकवलं. एक रीप कुजकी निघाली ती त्यांच्यासमोर बदलली. फुटक्या कौलांच्या जागी त्याने मागच्या पडवीत पडलेली जुनीच घातली, म्हणाला नवी या मापाची बसत नाहीत. दोन काचेची कौलं मालकांनी फोनवर कबूल केली होती, ती ओट्यावर आणि देवाच्या कोनाड्यावर बसली.

संध्याकाळी सर आली. आम्ही सगळे वर बघत बसलो. ओट्यावरचं थांबलं, माजघरातलं थांबलं. लेकीच्या कोनाड्यात अजून थेंब येतोय, तिथे भिंत आणि कौलं मिळतात त्या सांध्यातून. ते काम आता पुढच्या उन्हाळ्यात. मेच्या पहिल्या आठवड्यात यायचं त्याने कबूल केलंय आणि दप्तर तोवर खुंटीला.

मघा, २० ऑगस्ट

सासूबाईंची वळकटी माजघरात आली आहे. दारालगत, उंबऱ्याकडे पाय करून, दाराची कडी न लावता. कडी लावायची नाही ही त्यांची अट आहे आणि आम्ही ती पाळतो. त्यांच्या अंगाखाली आता माझी लग्नातली गादी आहे, म्हणजे तिच्या उरल्या कापसाची लहान गादी. श्रावणाच्या उन्हाच्या तिरिपा धरून धरून वाळवला, घरातच सुईदोऱ्याने टाके घातले. एका बाजूला गोळे राहिलेत, त्यांना चालतात.

फ्रिज परत आला आणि आता त्याचं दार नीट लागत नाही. कपाटाच्या पाठीमागच्या प्लायला वाळवी लागली होती. ती बाजू कापून टाकली, कपाट भिंतीपासून हातभर लांब ओढलं. त्या फटीत आता छत्र्या राहतात.

काकींकडे आज सासूबाई आपणहून गेल्या होत्या. परत आल्या त्या एक बेत ठरवूनच. मार्गशीर्षातली वेळ अमावस्या, आमची येळवस. आमच्या लातूरकडे त्या दिवशी गावात कोणी थांबत नाही, सगळे शेतात. कडब्याची खोप करून पूजा, मग ताकातली ज्वारीची आंबील, बेसन लावलेली भाज्यांची भज्जी, उंडे. इथे आमचं शेत नाही, म्हणून यंदा येळवस होणार नाही असं मी धरूनच चालले होते. काकींनी त्यांची वाडी देऊ केली आहे. कडबा नाही, पेंढ्याची खोप करू. भज्जीत तुरीचे ओले दाणे लागतात, ते इथल्या परसातल्या तुरीला तेव्हा असतील म्हणाल्या.

दिवाळीला ह्यांचा भाऊ येणार आहे. त्याला आत्ताच फोन करून सांगितलं, ज्वारी आण, दाणे आण, दळून आणू नको. आंबिलीचं मडकंही आण, आधी पाणी भरून झिरपतं का ते बघ.