साठाव्या वर्षाचा हिशेब

२०२५ च्या ऑगस्टअखेरीस इथे अमेरिकेत स्पिरिट एअरलाइन्सने वर्षभरात दुसऱ्यांदा दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा मी शेजारच्या कॅप्टनसाहेबांना कौतुकाने म्हणालो, की आमच्याकडे भारतात १७ एप्रिल २०१९ च्या रात्री जेट एअरवेजचे शेवटचे विमान उडाले आणि हजारो कर्मचारी पगार थकलेल्या अवस्थेत घरी बसले. तुमच्याकडे मात्र कंपनी न्यायालयात जाते आणि विमाने चालूच राहतात. कॅप्टनसाहेब एका मोठ्या विमान कंपनीतून वीसेक वर्षांपूर्वी निवृत्त झालेले, एरवी भरपूर बोलणारे. त्या दिवशी ते काही न बोलता आत गेले आणि एक निळी फाइल घेऊन आले.

फाइलमध्ये दोन पत्रे होती. पहिले कंपनीचे, निवृत्तीच्या वेळी दरमहा किती पेन्शन मिळेल हे सांगणारे. दुसरे काही वर्षांनंतरचे, ‘पेन्शन बेनिफिट गॅरंटी कॉर्पोरेशन’ या सरकारी विमा महामंडळाचे. दुसऱ्या पत्राच्या समासात पेन्सिलीने एक वजाबाकी मांडलेली होती आणि तिच्याखाली तीच वजाबाकी पुन्हा केलेली होती. पहिल्या वेळी त्यांचा उत्तरावर विश्वास बसला नसावा.

इथल्या दिवाळखोरी कायद्यातला चॅप्टर ११ हा कंपनी बंद करण्याचा नव्हे, तर ती चालू ठेवून तिची देणी नव्याने ठरवण्याचा मार्ग आहे, हे मला ढोबळपणे माहीत होते. या देण्यांमध्ये विमानाच्या भाड्याइतकाच कामगारांशी केलेला करारही येतो, याचा मात्र मी कधी विचार केला नव्हता. सप्टेंबर १९८३ मध्ये कॉन्टिनेंटल एअरलाइन्सने अर्ज केला, युनियनचे करार गुंडाळले आणि दोन-तीन दिवसांत जवळपास निम्म्या पगारावर विमाने पुन्हा सुरू केली. त्यानंतर १९८४ मध्ये संसदेने कायद्यात कलम १११३ घातले. आता कंपनीला आधी युनियनपुढे प्रस्ताव ठेवावा लागतो, हिशेब दाखवावे लागतात, प्रामाणिकपणे वाटाघाटी कराव्या लागतात, आणि युनियनने सबळ कारणाशिवाय नकार दिला असे पटले तरच न्यायाधीश करार रद्द करू शकतात. कागदावर हे संरक्षण चांगले आहे. परंतु समोर न्यायाधीश बसलेले असताना आणि कंपनी बुडण्याची भीती डोक्यावर असताना युनियन जे मान्य करते, त्याला मी तरी मोकळ्या मनाने दिलेली संमती म्हणणार नाही.

संपाचे हत्यारही हातात राहत नाही. २००६ मध्ये नॉर्थवेस्ट एअरलाइन्सच्या केबिन क्रूने कपातीचा करार मतदानाने दोनदा फेटाळला. कंपनीने न्यायालयाच्या परवानगीने नव्या अटी लादल्या आणि संपाला मनाई झाली. पुढच्या वर्षी अपील न्यायालयाने सांगितले, की कंपनीने करार मोडलेला नाही, तर तो अस्तित्वातच राहिलेला नाही. आणि तरीही विमान कंपन्यांनाही लागू असलेल्या रेल्वे लेबर ॲक्ट या कामगार कायद्यानुसार वाटाघाटी करत राहण्याचे युनियनचे बंधन कायम आहे. एका बाजूचे वचन संपले आणि दुसऱ्या बाजूचे शिल्लक राहिले, हे मला अजूनही पचलेले नाही.

मात्र कॅप्टनसाहेबांना खरा घाव बसला तो पेन्शनचा, आणि त्यातही वयाच्या अटीचा. महामंडळ बुडालेल्या पेन्शन योजना ताब्यात घेते, पण त्याच्या हमीला कमाल मर्यादा असते. २००५ साली बंद झालेल्या योजनांसाठी ती पासष्टाव्या वर्षी निवृत्त होणाऱ्याला वर्षाला ४५,६१४ डॉलर होती. त्याआधी निवृत्त होणाऱ्याची मर्यादा कमी होत जाते. साठाव्या वर्षी ती २९,६४९ डॉलरवर येते. आता या देशात त्या काळी वैमानिकाला साठाव्या वर्षानंतर प्रवासी विमान कंपनीचे विमान चालवायला कायद्यानेच बंदी होती. म्हणजे सरकारच्या एका खात्याने त्यांना साठाव्या वर्षी खाली उतरवले आणि सरकारच्याच दुसऱ्या संस्थेने साठाव्या वर्षी उतरलात म्हणून हमी कापली. मी हे वाक्य त्यांच्यासमोर दोनदा बोलून पाहिले, काहीतरी चुकत असेल म्हणून. चुकत नव्हते.

युनायटेड एअरलाइन्सची कथा तर सार्वजनिकच आहे. १९९४ मध्ये तिथल्या कर्मचाऱ्यांनी पगारकपात स्वीकारून कंपनीचे ५५ टक्के समभाग घेतले. डिसेंबर २००२ च्या दिवाळखोरीनंतर ते समभाग कवडीमोल झाले. मे २००५ मध्ये न्यायालयाने पेन्शन योजना महामंडळाकडे सोपवायला मंजुरी दिली. तूट ९.८ अब्ज डॉलरची होती, हमी ६.६ अब्जांची, उरलेली तोशीस कर्मचारी आणि निवृत्तांना सोसावी लागली. २००६ मध्ये कंपनी सावरून बाहेर पडली, तेव्हा सुमारे ४०० व्यवस्थापकांसाठी नव्या समभागांपैकी ८ टक्के राखून ठेवलेले होते.

मग मी भारताची बाजू मांडली, आणि थोडी चढ्या आवाजातच मांडली. आपल्या दिवाळखोरी संहितेत पीएफ, पेन्शन आणि ग्रॅच्युइटीचा निधी अवसायनाच्या, म्हणजे कंपनी गुंडाळून देणी भागवण्याच्या, मालमत्तेत धरला जात नाही. जेटच्या कर्मचाऱ्यांची पीएफ आणि ग्रॅच्युइटीची थकबाकी द्यावी हा अपील न्यायाधिकरणाचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये कायम ठेवला. हे सांगताना मला अभिमान वाटत होता. परंतु पुढचेही सांगणे भाग होते, की पुनरुज्जीवन फसले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने जेटच्या अवसायनाचा आदेश दिला. आदेश आपल्याकडे उत्तम निघतात. पैसा मात्र लोकांच्या हाती यायला वर्षे जातात.

घरी येऊन मी माझे ४०१-के, म्हणजे निवृत्तीसाठीच्या बचतीचे, खाते उघडून पाहिले. ते माझ्या नावावर आहे, कंपनी बुडाली तरी त्यातली माझी रक्कम तिच्या धनकोंना मिळणार नाही, असे मी पत्नीला समजावले. मी इथे राहण्याचा निर्णय योग्यच होता, हेही त्याच ओघात म्हणालो. तिने मात्र तसे काही विचारले नव्हते.

दुसऱ्या दिवशी फाइल परत करायला गेलो. वैमानिकांची वयोमर्यादा डिसेंबर २००७ मध्ये पासष्ट झाली, हे त्यांनीच सांगितले. आधीच साठी ओलांडलेल्यांना जुनी ज्येष्ठता परत मिळणार नव्हती. पुन्हा उडायचे तर नवखे म्हणून भरती व्हायचे. “तोवर मी चौसष्टचा झालो होतो,” ते म्हणाले, आणि फाइल घेऊन आत गेले.