एक्स-रे पाहण्याआधी पाय पाहावा

रुग्णाच्या कागदांबरोबर एक्स-रेही विद्यार्थ्याच्या हाती पडला, की पुढची तपासणी नावापुरती उरते, असे मिरजेत अस्थिरोगाचे क्लिनिक घेताना मला वारंवार दिसते. मोडलेले हाड फिल्मवर दिसते, त्याचे नाव सांगता येते; मग पायाकडे पाहण्याची गरज काय, हा प्रश्न कोणी बोलून दाखवत नसले तरी चेहऱ्यावर असतोच. म्हणून फिल्म लिफाफ्यातच ठेवायची, पडदा ओढून रुग्णाचे दोन्ही पाय मांडीपर्यंत उघडे करायचे आणि पलंगाच्या पायथ्याशी उभे राहून आधी नुसते पाहायचे, असा क्रम मी ठरवून दिला आहे. ब्रिटिश अस्थिशल्यविशारद अॅलन अॅप्ली यांनी घालून दिलेला ‘पाहा, चाचपा, हलवा’ हा क्रम जगभर शिकवला जातो, पण त्यातल्या पहिल्या पायरीवर सर्वांत कमी वेळ दिला जातो. आमच्याकडे तर तिची गरज अधिकच आहे. मिशनरी डॉक्टर वानलेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलेल्या मिशन रुग्णालयाच्या काळापासून अथणी-चिकोडीकडचे रुग्ण मिरजेला येत आले आहेत, आणि ज्याला कानडी येत नाही त्या विद्यार्थ्याच्या पदरी त्यांची हकीकत अर्धीमुर्धीच पडते.

वॉर्डात हमखास भेटतात त्या न्हाणीत पाय घसरून पडलेल्या आजी. दुखरा पाय आखूड दिसतो आणि पाऊल बाहेरच्या बाजूला कललेले असते. एवढे बहुतेक विद्यार्थी सांगतात. खरा प्रश्न पुढचा आहे: पाऊल किती कलले आहे? फीमरच्या, म्हणजे मांडीच्या हाडाच्या, मानेचा अस्थिभंग सांध्याच्या आवरणाच्या आत असेल, तर ते आवरण खालच्या तुकड्याला अजून धरून असल्यामुळे पाय बाहेर वळतो, पण अर्ध्यावरच अडतो. ट्रोकँटरच्या, म्हणजे मानेच्या लगेच खालच्या उंचवट्यांच्या, भागात हाड मोडले असेल, तर खालचा तुकडा आवरणाच्या पकडीबाहेर गेलेला असतो, त्यामुळे पाय पूर्ण कलंडतो आणि पावलाची बाहेरची कड गादीला टेकते. मानेच्या अस्थिभंगातले रक्त आवरणाच्या आत कोंडून राहते, म्हणून खुबा वरून जवळजवळ नेहमीसारखा दिसतो. ट्रोकँटरच्या अस्थिभंगात सूज येते आणि एक-दोन दिवसांत खुब्याच्या बाहेरच्या बाजूला काळेनिळे डाग उमटतात. पाऊल आणि त्वचा यांवरून विद्यार्थ्याने आपला अंदाज आधी वहीत लिहावा आणि मगच लिफाफा उघडावा.

मात्र विकृती दिसली नाही म्हणजे हाड शाबूत आहे, असा अर्थ कधीही घेऊ नये. मानेच्या अस्थिभंगाचे तुकडे एकमेकांत रुतून बसले असतील, तर रुग्ण काठी टेकत स्वतःच्या पायाने बाह्यरुग्ण विभागात येतो. त्यातही “खुबा न्हाई, गुडघा दुखतुया” असे सांगणारे पुष्कळ असतात, कारण खुबा आणि गुडघा या दोन्हींकडे ऑब्च्युरेटर मज्जातंतूच्या शाखा जातात. मग गुडघ्याचा एक्स-रे काढला जातो, तो निर्दोष येतो आणि रुग्ण गोळ्या घेऊन घरी जातो. पडल्यानंतर गुडघा दुखत असलेल्या प्रत्येक वृद्धाचा खुबा हळूच आतल्या बाजूला वळवून पाहावा आणि पाय सरळ ठेवून उचलायला सांगावा. साधा एक्स-रे स्वच्छ असूनही वेदना तशीच राहिली, तर एमआरआयचा आग्रह धरावा.

खुबा निखळला असेल तर चित्र उलटे दिसते. गळीत हंगामात रात्री दिव्याविना चाललेल्या उसाच्या ट्रॉलीवर एखादी जीप मागून आदळते, पुढे बसलेल्याचा गुडघा डॅशबोर्डवर आपटतो आणि फीमरचे डोके उखळीतून मागे सरकते. असा पाय खुब्यात वाकलेला, दुसऱ्या पायाकडे ओढला गेलेला, आतल्या बाजूला वळलेला आणि आखूड असतो; रुग्ण तो सरळ करू देत नाही. सांधा शक्यतो सहा तासांच्या आत बसवावा लागतो, कारण उशीर होईल तसा डोक्याचा रक्तपुरवठा कायमचा बिघडण्याचा धोका वाढतो. बसवण्यापूर्वी पाऊल वर उचलता येते का, हे पाहून नोंदवावे. सायटिक मज्जातंतूला इजा असेल तर ती तिथे कळते. पण त्याच पायाची मांडीही मोडली असेल, तर ही ठळक खूण नाहीशी होते, कारण मोडाच्या खालचा पाय स्वतंत्रपणे बाहेर कलंडतो. मांडीच्या अस्थिभंगात कटीचा, म्हणजे खुब्याच्या सांध्यांसह कमरेखालच्या हाडांचा, एक्स-रे अनिवार्य मानायचा तो याच कारणासाठी.

नडगीचे हाड त्वचेलगत असल्यामुळे तिथला मोड ओळखण्यात कौशल्य फारसे लागत नाही. लक्ष द्यावे लागते ते पोटरीकडे. पोटरी टणक लागणे, मोडाच्या मानाने वेदना फार जास्त असणे आणि बोटे हलकेच ताणली तरी रुग्णाने ओरडणे, ही कंपार्टमेंट सिंड्रोमची, म्हणजे स्नायूंच्या आवरणात दाब वाढून त्यांचा रक्तपुरवठा अडण्याची, लक्षणे आहेत. पावलावरची नाडी लागते म्हणून निर्धास्त होणारे विद्यार्थी दर वर्षी दिसतात, पण ही नाडी बऱ्याच उशिरापर्यंत लागत राहते. हाडवैद्याने कामट्या घट्ट बांधून पाठवलेला पाय आला, तर पट्टी आधी सोडावी. रागावणे, समजावणे नंतर करता येते.

लांबी मोजताना टेपपेक्षा कटीची मांडणी महत्त्वाची असते. दोन्ही बाजूंची कटीची पुढची टोके एका आडव्या रेषेत आणावीत, दुखरा पाय ज्या कोनात अडला आहे त्याच कोनात चांगला पाय ठेवावा आणि मग त्या टोकापासून घोट्याच्या आतल्या उंचवट्यापर्यंत मोजावे. हे टाळले तर खुब्यातली जुनी आखडण आखूडपणासारखी दिसते.

चांगला पाय हेच माप, हा नियमही सगळीकडे लागू पडत नाही. नैसर्गिक (वाइल्ड) विषाणूमुळे झालेल्या पोलिओचा भारतातील शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मधला, त्यामुळे आजच्या विद्यार्थ्याने ताजा पोलिओ पाहिलेला नसतो. पण त्या आजारातून वाचलेली माणसे आज चाळिशी-पन्नाशीत आहेत आणि त्यांचे बारीक, ठिसूळ झालेले हाड किरकोळ पडण्यानेही मोडते. तिथे आखूडपणा आणि वाकडेपणा किती जुना व किती नवा, हे घरच्या माणसांना विचारल्याशिवाय कळत नाही. “लहानपणापास्नं असंच हाय” हे उत्तर केसपेपरवर जसेच्या तसे लिहून ठेवावे, आणि रुग्ण आदल्या दिवशीपर्यंत कशाच्या आधाराने चालत होता हेही त्याच्या खाली लिहावे.