तीन युनिटांची मास्तरकी

भारतात मी तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर, कॉलेजात इतिहास शिकवायचे. म्हणजे शिकवलेल्या तासांचेच पैसे, सुट्टीत शून्य, आणि जून आला की पुन्हा मुलाखत. अमेरिकेत आल्यावर सीएचबीतून सुटले असं वाटलं होतं. कॅलिफोर्नियातल्या एका कम्युनिटी कॉलेजात अर्धवेळ लागले, तेव्हा कळलं की सीएचबी इथेही आहे, फक्त डॉलरमध्ये.

कम्युनिटी कॉलेज म्हणजे दोन वर्षांचं सरकारी कॉलेज. प्रवेशपरीक्षा नाही, टक्केवारीची अट नाही, राज्यातल्या रहिवाशांना फी युनिटला ४६ डॉलर. युनिट म्हणजे ढोबळमानाने आठवड्याला एक तासाचा वर्ग, सत्रभर. कॅलिफोर्नियात अशी ११६ कॉलेजं आहेत. इथे दोन वर्षं काढून मुलं कॅल स्टेट किंवा यूसी या राज्याच्या सरकारी विद्यापीठांत जातात. कॅल स्टेटच्या पदवीला अमेरिकेचा इतिहास आणि राज्यघटना शिकणं सक्तीचं, त्यामुळे प्रास्ताविक इतिहासाचे वर्ग बऱ्यापैकी भरतात. हा इतिहास सहसा दोन भागांत शिकवतात, १८७७ पर्यंत आणि १८७७ पासून. माझ्या वाट्याला दुसरा भाग आला.

पात्रतेचं म्हणाल तर नेट-सेट नाही आणि पीएचडीचीही सक्ती नाही. इतिहासात एमए पुरे. मात्र ते परदेशातलं असेल तर मान्यताप्राप्त संस्थेकडून मूल्यमापन करून आणावं लागतं. तिथे एक-एक विषय, त्याचे गुण, त्याचे तास असं सगळं उलगडून बघतात. आपली बीए तीन वर्षांची, यांची पदवी चार वर्षांची, त्यामुळे जीव टांगणीला. शिवाय गुणपत्रिका विद्यापीठाने स्वतः सीलबंद पाठवायच्या. त्यासाठी भावाने परीक्षा विभागाच्या खिडकीवर जे काही सोसलं, ते तो अजून दर राखीपौर्णिमेला ऐकवतो.

अर्ज ठरावीक जागेसाठी नसतो. तो ‘पूल’मध्ये, म्हणजे इच्छुकांच्या एका सामाईक यादीत जातो आणि तिथे पडून राहतो. मला फोन आला ऑगस्टमध्ये, सत्र तोंडावर आलं असताना. कोणीतरी ऐनवेळी सोडून गेलं होतं. मुलाखतीत एका मूळ कागदपत्रावर छोटा नमुना पाठ घ्यायचा होता. मी अमेरिकेच्या यादवी युद्धानंतरचा, वाट्याने शेती करणाऱ्या मुक्त गुलामाचा करारनामा निवडला. पीक निघायच्या आत ते दुकानदाराच्या वहीत गहाण पडतं, ही गोष्ट पुणे जिल्ह्यातून आलेल्या माणसाला वेगळी समजावून सांगावी लागत नाही. १८७५ मध्ये सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे का जाळले, तेही मी दोन मिनिटांत सांगितलं. समितीतल्या एका वयस्क प्राध्यापकांनी सुप्याचं स्पेलिंग विचारून लिहून घेतलं. काम झालं असं मला तिथेच वाटलं.

मग कागदांचा ससेमिरा. बोटांचे ठसे, आणि क्षयाची चाचणी. या चाचणीबद्दल आपल्या लोकांना आधीच सांगून ठेवते. हातात इंजेक्शन टोचतात आणि दोन-तीन दिवसांनी सूज मोजतात. लहानपणी बीसीजी घेतलेल्यांच्या हाताला फुगवटा येऊ शकतो. माझ्या हाताला आला. नर्सबाईंनी पट्टी लावली, मिलिमीटर लिहिले, आणि मला छातीच्या एक्स-रेला पिटाळलं. छाती स्वच्छ निघाली. शेवटी शपथेचा फॉर्म. इथे सरकारी नोकरीत शिरताना राज्यघटनेचं रक्षण करीन अशी शपथ घ्यावी लागते, पण कायदेशीर काम करणाऱ्या परदेशी नागरिकाला त्यातून सूट आहे. मी ग्रीन कार्डवाली. तेव्हा जी घटना शिकवायची, तिची शपथ न घेताच वर्गात गेले.

वर्ग आठवड्यातून एकदा, संध्याकाळी साडेसहा ते साडेनऊ. पहिल्या दिवशी दाराशी प्रतीक्षायादीतली मुलं उभी होती, ‘अ‍ॅड कोड’, म्हणजे भरलेल्या वर्गात नाव घालायचा आकडा, द्या म्हणून. आत बसलेल्यांत सोळा वर्षांची हायस्कूलची मुलगी होती, गोदामातली पाळी उरकून आलेला मुलगा होता, नर्सिंगला जायची तयारी करणाऱ्या दोन लेकुरवाळ्या बायका होत्या, आणि सैन्यातून निवृत्त झालेला, माझ्याहून वयाने मोठा एक कृष्णवर्णीय गृहस्थ. हा शेवटपर्यंत मला ‘मॅम’ म्हणत राहिला. बाकीचे पहिल्या नावाने. सवय व्हायला वेळ लागला.

पाठ्यपुस्तक ओपनस्टॅक्सचं, इंटरनेटवर फुकट. ते घरी वाचून या असं दिवसभर राबून आलेल्याला सांगण्यात फारसा अर्थ नसतो. म्हणून वीस मिनिटं मी बोलायचे आणि मग एका पानाचं मूळ कागदपत्र वाटायचे. मोठ्याने वाचायचं, प्रत्येकाने एक वाक्य, आणि मग भांडायचं.

सगळ्यात रंगला तो १९२०च्या दशकाचा, स्थलांतरबंदीचा आठवडा. त्या दिवशी मी दोन कागद शेजारी ठेवले. पहिला भगतसिंग थिंड यांच्या खटल्याचा. पंजाबातून आलेला हा माणूस पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात होता. नागरिकत्व फक्त ‘गोऱ्यांना’ आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांना मिळत असे, म्हणून आपण आर्यवंशी, उच्चवर्णीय हिंदू, तेव्हा गोरेच, असा दावा त्यांच्या बाजूने झाला. भारतातला उच्चवर्णीय तिथल्या आदिवासींकडे तसंच बघतो जसा अमेरिकन गोरा निग्रोकडे, असाही युक्तिवाद होता. फेब्रुवारी १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने नकार दिला. सर्वसामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा. त्यानंतर आधी नागरिकत्व मिळालेल्या हिंदुस्थानी लोकांवरही ते काढून घेण्यासाठी खटले झाले, आणि भारतीयांना ते दार उघडलं ते १९४६ मध्ये.

दुसरा कागद जोतीराव फुल्यांच्या ‘गुलामगिरी’ची अर्पणपत्रिका, १८७३ ची. पुस्तक मराठीत, पण अर्पण केलंय अमेरिकेतल्या भल्या लोकांना, त्यांनी गुलामांच्या मुक्तीसाठी दाखवलेल्या निःस्वार्थ वृत्तीबद्दल. आपल्या देशबांधवांनीही त्यांचा कित्ता गिरवून शूद्रांना ब्राह्मणी दास्यातून सोडवावं, अशी आशा पुढे आहे. ती इंग्रजीतही छापलेली आहे, त्यामुळे भाषांतराची भानगड नाही. खरं तर १८७३ हे साल माझ्या अभ्यासक्रमाच्या कुंपणाबाहेरचं. कोणी तक्रार केली नाही.

वर्ग आधी गप्प झाला. मग गोदामातला मुलगा म्हणाला, “म्हणजे थिंडना दार उघडून हवं होतं, पण स्वतःपुरतंच.” हायस्कूलची मुलगी त्याच्यावर तुटून पडली. वकिलाला जिंकायचं असतं, कायद्यात ‘गोरा’ हा एकच शब्द असेल तर त्याने दुसरं काय मांडायचं? वाद पेटला असताना सैन्यातल्या गृहस्थांनी फुल्यांचा कागद उचलला आणि तारीख वाचली. “१८७३. मॅम, त्याच वर्षी ईस्टरला लुइझियानात कोलफॅक्स घडलं.” घडलं होतंच. मुक्त झालेल्या कितीतरी काळ्या माणसांना गोऱ्या टोळीने तिथे ठार मारलं. ज्यांचं फुल्यांनी कौतुक केलं त्यांच्याच देशात मुक्तीची दुसरी बाजू सुरू झाली होती. मी हा विरोधाभास प्रश्न म्हणून फळ्यावर लिहिला आणि सत्रअखेरच्या निबंधाला तोच दिला. भारतात पुणे विद्यापीठाच्या पेपरात ‘टीपा लिहा’ तपासण्यात माझी वर्षं गेली होती. हे निबंध वाचताना पेन खाली ठेवून परत पहिल्यापासून वाचावंसं वाटत होतं.

वाचण्याचे मात्र पैसे नाहीत. पगार वर्गातल्या तासांचा, तयारी आणि तपासणी त्यातच धरलेली. पूर्ण वेळेचा भार १५ युनिटांचा, माझा वर्ग तीन युनिटांचा, म्हणजे पाचवा हिस्सा. कायद्याने अर्धवेळ शिक्षकाला एका डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे कॉलेजं चालवणाऱ्या एका स्थानिक संस्थेत, ६७ टक्क्यांपेक्षा जास्त भार देत नाहीत, जास्तीत जास्त तीन वर्ग. म्हणून लोक दोन-तीन डिस्ट्रिक्टमध्ये शिकवतात आणि उरलेला वेळ गाडीत घालवतात. त्यांना इथे ‘फ्रीवे फ्लायर’ म्हणतात. हे राज्य स्वस्तात उच्च शिक्षण देतं याचा मला आदर आहे, पण त्या स्वस्ताईचा एक हप्ता या लोकांच्या पेट्रोलमधून जातो, हेही खरं.

वसंत सत्रासाठी पुन्हा एकच वर्ग मिळालाय, खाली नेहमीची ओळ घालून: पुरेशी नोंदणी झाली तर. नाही झाली, किंवा एखाद्या कायम प्राध्यापकाचा वर्ग रद्द होऊन त्याला माझा हवा झाला, तर गेला. म्हणून आता शेजारच्या दोन डिस्ट्रिक्टच्या पूलमध्येही अर्ज टाकलेत. कोणी या वाटेने येणार असेल तर मूल्यमापनाचा अहवाल सगळ्यात आधी काढून घ्या, त्याच्याशिवाय अर्जाचं पानच पुढे सरकत नाही. आणि एक्स-रेचा कागद फाइलला लावून ठेवा. क्षयाची तपासणी चार वर्षं चालते.