जेर्बाचा चांदीचा मासा

ट्युनिशियाच्या जेर्बा बेटावर, हूमत सूक गावच्या बाजारात मासळीचा लिलाव बघण्यासारखा असतो. पुकारणारे उंच खुर्च्यांवर बसतात आणि ओवलेल्या माशांची माळ हातात उंच धरून बोली वाढवत नेतात. तिथून जवळच चांदीची दुकानं. काचेआड पुन्हा मासेच!

मासा दृष्टीपासून राखतो, ही इथली पक्की श्रद्धा. बाळाचं कोणी कौतुक केलं, की घरातलं माणूस चटकन ‘हूत अलीक’ म्हणतं. हूत म्हणजे मासा. किनाऱ्यावरच्या सफाक्स शहरात तर लग्नात नवरा-नवरी खरोखरीचा मासा ओलांडतात. दागिन्यात तो बहुधा खम्साच्या, म्हणजे पाच बोटांच्या पंजाच्या, जोडीला असतो.

एका दुकानदाराने जुनं लोलक माझ्या तळहातावर ठेवलं. बोटभर लांबीचा, चपट्या पत्र्याचा मासा. खवले एकेक करून कोरलेले, डोळ्याच्या जागी बारीक भोक, आणि पोटाखाली कड्यांत अडकवलेले इवलेसे पंजे. हलवला की किणकिणायचा. मागची बाजू मात्र पार गुळगुळीत झाली होती, कोणाच्या तरी अंगावर वर्षानुवर्षं घासून. मला पुढच्या नक्षीपेक्षा ती मागची बाजूच जास्त आवडली.

बेटावरचं सोन्या-चांदीचं काम पिढ्यान्‌पिढ्या मुख्यतः ज्यू कारागिरांच्या हातात राहिलं आहे. माशांना पाण्याने झाकलेलं असतं, म्हणून त्यांच्यावर वाईट नजरेचा अंमल चालत नाही, असं ज्यूंच्या तालमुद या धर्मग्रंथात आहे. घडवणारा ज्यू, घालणारी बहुतेक वेळा मुसलमान, आणि भरवसा दोघांचाही त्याच माशावर! जेर्बात मला सर्वांत मोलाचं वाटलं ते हे. आपल्याकडच्या बायका पायाच्या बोटांत चांदीच्या मासोळ्या घालतात. तिथे मासा गळ्यात, छातीवर मिरवतो.

जाणार असाल तर शनिवार टाळा. शब्बाथमुळे, म्हणजे ज्यूंच्या साप्ताहिक विश्रांतीच्या दिवसामुळे, ज्यू सोनारांची दुकानं बंद असतात. आणि घाईने नवा चकचकीत मासा घेऊ नका. आधी हूमत सूकमधल्या पारंपरिक वारसा संग्रहालयात जाऊन जुने दागिने निवांत बघा. अंगावरचं वस्त्र खांद्याशी अडकवायचे चांदीचे मोठे काटे तर अजिबात चुकवू नका. एकदा नजर तयार झाली, की बाजारातलं हातकाम कोणतं आणि साच्यातलं कोणतं, हे ओळखायला फार वेळ लागत नाही.