बेळे अक्का

"तालमीला चाललेय," असं मी घरी पहिल्यांदा फोनवर सांगितलं तेव्हा पलीकडं क्षणभर कुणी बोललंच नाही. आमच्या बेळगावकडच्या खानापूर तालुक्यात तालीम म्हणजे लाल माती, लंगोट आणि पहाटेच्या जोर-बैठका. पोरगी मराठीत एम. ए. करायला म्हणून गेली ती कुस्त्या खेळायला लागली की काय, असं आप्पांना वाटलं असणार.

"नाटकाची तालीम, आप्पा."

"कुठलं नाटक?"

"कानडी."

या वेळचं गप्प बसणं जरा जास्त लांबलं. आप्पांचं सगळं तरुणपण सीमाप्रश्नाच्या मोर्च्यांत गेलं. बसच्या पाटीवरून, शेताच्या उताऱ्यावरून, दुकानाच्या फलकावरून भांडलेला माणूस. मी इकडं कानाला फोन लावून नखं खात उभी.

"कशावर आहे नाटक?"

"पिकाला भाव नाही, त्याच्यावर."

"मग असूं दे," म्हणाले आणि फोन ठेवला.

तर मी त्या नाटकात कशी शिरले ते सांगते. आमचं विद्यापीठ भुतरामनहट्टीच्या माळावर, पुणे-बेंगळूर महामार्गाला लागून. बेळगावहून बस निघाली की काकती लागते, मग होनगा, मग आम्ही. काकती हे इंग्रजांशी लढलेल्या कित्तूरच्या राणी चन्नम्माचं माहेर आणि विद्यापीठ तिच्याच नावाचं. म्हणजे रोज आम्ही तिच्या माहेरावरून तिच्या नावाच्या घरी जायचो. 2010 साली विद्यापीठ झालं, त्याआधी इथं धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाचं पदव्युत्तर केंद्र होतं. माळ मोठा, वारा त्याहून मोठा. पावसाळ्यात छत्री उघडून वर्गात जायचा प्रयत्न नव्यानं आलेलीच मुलं करतात.

युवजनोत्सवाची नोटीस लागली तेव्हा आम्ही मराठीच्या मुलांनी एकांकिका करायचं ठरवलं. तीस मिनिटांची, नऊ पात्रं चालतात. आम्ही जमलो तीन. त्यातल्या एकाला स्टेजवर घाम यायचा आणि दुसरीला संध्याकाळी सहाची बस गाठायची असायची. मग कन्नड विभागाच्या तालमीत जाऊन नुसतं बसावं म्हणून गेले. तिथं दिग्दर्शन करणारा एक अण्णा होता, संशोधन करणारा, कायम मफलर गुंडाळलेला. त्यानं विचारलं, "कन्नड ओदाक बरतैतेन?" वाचता येतं का? मराठी माध्यमातल्या पोरांना कन्नड शाळेतच शिकावं लागतं, त्यामुळं येत होतं. पण बसची पाटी वाचेपर्यंत बस निघून जावी इतपतच. "बरतैत री," म्हणाले. त्यानं संहितेचं बाड माझ्या हातात दिलं आणि मला पडद्याआड बसवलं. प्रॉम्प्टर.

आता प्रॉम्प्टरला सावकाश वाचून चालत नाही. नट अडकला की दुसऱ्या क्षणाला वाक्य त्याच्या कानात पडलं पाहिजे. मी एक युक्ती केली. दोन रात्री जागून हॉस्टेलवर सगळं कन्नड नाटक देवनागरीत उतरवून काढलं. दोनशे पानी वही, निळी शाई, पात्रांची नावं लाल पेननं. इतकी देखणी वही मी माझ्या अभ्यासाचीसुद्धा कधी केलेली नाही.

त्या वहीनंच घात केला.

नाटकातला म्हातारा शेतकरी दुसऱ्या प्रवेशात खाली बसतो आणि म्हणतो, "बेळेगे बेले इल्ला." पिकाला भाव नाही. सगळं नाटक त्या तीन शब्दांवर उभं. तालमीत तो पोरगा नेमका तिथंच अडकला. मी पडद्याआडून ठणठणीत आवाजात सांगितलं. त्यानं जसं ऐकलं तसं, डोळ्यांत पाणी आणून, प्रेक्षकांच्या दिशेनं हात पसरून म्हटलं. आणि सगळा हॉल हसून आडवा झाला. अण्णा तर मफलर तोंडात धरून बसला होता.

झालं होतं असं, की कन्नडमध्ये ए दोन असतात, एक आखूड आणि एक लांब. आखूड ए घेऊन 'बेळे' म्हटलं की पीक. तोच ए जरा ओढला की डाळ, वरणाची. मी ओढला होता. आपल्या देवनागरीत मात्रा एकच. तिला लांबी-बिंबी काही ठाऊक नाही. ळ आणि ल यांत मी चुकले नव्हते बरं का. तो फरक मराठी माणसाला जन्मापासून येतो, 'बेळे' आणि 'बेले' मी अगदी नीट वेगळे केले होते. पण त्या भूमिपुत्रानं टाहो फोडला होता तो, तूरडाळीला भाव नाही म्हणून. आणि नेमकी त्या आठवड्यात डाळ महागलेली.

त्या दिवसापासून मी 'बेळे अक्का'. डाळताई. कँटीनमध्ये आमटी वाढताना मुलं मुद्दाम हाक मारायची.

गंमत म्हणजे, बाजारात यांतला एकही शब्द कुणी वापरत नाही. खानापूरच्या बाजारात मराठी शेतकरी म्हणतो, 'रेट नाही.' बैलहोंगलच्या बाजारात कन्नड शेतकरी म्हणतो, 'रेट इल्ल.' दोघांचं दुःख एका इंग्रजी शब्दात मावतं. पण नाटककाराला शुद्ध कन्नड हवं होतं. शुद्धतेपायी लेखक लोक प्रॉम्प्टरचे काय हाल करतात ते कुणी तरी त्यांना सांगायला पाहिजे.

रात्री मी वही उघडली आणि लांब ए दिसेल तिथं मात्रेवर एक बारीक आडवी रेघ मारत गेले. पहाटे दोनला संपलं. शेवटी वहीची लिपी अशी झाली की ती मराठी माणसाला कळली नसती आणि कन्नड माणसाला तर नाहीच. ती वाचू शकणारी जगात मी एकटी.

आप्पांचा प्रश्न मात्र डोक्यात राहिला होता. कानडी नाटक कशाला? आमच्या मराठीच्या सरांपुढं चहाच्या गाड्यावर विषय निघाला तेव्हा ते हसले. म्हणाले, "संगीत नाटकाचा पाया घालणारे अण्णासाहेब किर्लोस्कर कुठले?" पुण्याचे, असं माझ्या तोंडावर आलं होतं. ते गुर्लहोसूरचे. याच बेळगाव जिल्ह्यातले, 1843 चा जन्म. आणि त्याच 1843 साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी पहिलं मराठी नाटक उभं केलं, तेही कसं, तर उत्तर कन्नडातल्या कर्कीहून भागवत मंडळी यक्षगानी खेळ घेऊन सांगलीला आली होती, ते राजेसाहेबांना आवडले आणि त्यांनी भाव्यांना सांगितलं की आपल्या भाषेत असं काही तरी करा. सरांनी बशीत चहा ओतला. "म्हणजे उधारी जुनी आहे. तू व्याज फेडायलीस."

हे मी आप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "ते असूं दे, पण किर्लोस्कर मराठी होते न्हवं?" आप्पांना वादात हरवणं सोपं नाही.

आमच्या गावातही नाटक होतंच की. यात्रेला, शेताची कामं उरकली की. पडदे भाड्यानं आणायचे, बाईचं काम करायला बाहेरून नटी ठरवायची आणि गावच्या पुढाऱ्यांच्या सत्कारात निम्मी रात्र घालवायची. पेटीवाला कित्तूरच्या बाजूचा यायचा. त्याला मराठीत जेवण मागायला जड जायचं, पण पदाचं तोंड सुरू झालं की नटाच्या आधी त्याला पुढची ओळ ठाऊक असायची. लहानपणी मला वाटायचं, हा माणूस मुद्दाम मराठी बोलत नाही. ज्याला गाता येतं त्याला बोलता कसं येत नाही, हे कळायला मला विद्यापीठात यावं लागलं. आमच्या होस्टेलवर गोकाकची एक मैत्रीण होती, रोज सकाळी अभंग गायची, असा की अंगावर काटा यावा. एकदा तिनं गाणं थांबवून विचारलं, "यातलं 'माउली' म्हणजे कोण ग? विठ्ठलची बायको काय?" बेळगावचं मोठं नाट्यगृह ज्यांच्या नावानं आहे ते कुमार गंधर्वही सुळेभावीचे, घरची भाषा कन्नड. त्यांना कुणी असा प्रश्न विचारल्याचं मी ऐकलेलं नाही.

एकांकिकेच्या शेजारच्याच हॉलमध्ये लोकवाद्यांचा सराव चालायचा. हलगी, डोळ्ळू, झांज. हलगीचं कातडं सैल पडलं की शेकावं लागतं, नाहीतर आवाज ओल्या पोत्यावर थापटल्यासारखा येतो. शेकायला जाळायचं काय, तर मागच्या वर्षीच्या प्रश्नपत्रिका. 'भाषाविज्ञान' जळताना मी डोळ्यांनी पाहिलं. त्या जाळावर तापलेली हलगी पहिल्यांदा कडाडली तेव्हा आमच्या हॉलमधलं दुःखी शेतकरी कुटुंब आपोआप नाचायला लागलं.

आणि मूकाभिनय. हा खरा मजेचा भाग. पाच मिनिटं, सहा जण, तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. मला वाटलं, चला, इथं तरी भाषेचा तंटा नाही, म्हणून मी त्यात नाव दिलं. तर सगळ्यात मोठं भांडण तिथंच झालं. प्रसंग साधा, एक बाई भाकरी करतेय. मी उठून करून दाखवली. आमच्याकडं तांदळाच्या पिठाची भाकरी. पीठ उकड काढून मळायचं, मग परातीत, पाण्याचा हात घेत, बोटांनी हलकेच फिरवत फिरवत मोठी करायची. सगळे बघत राहिले. बैलहोंगलचा एक मुलगा म्हणाला, "इद एन री? लेकराचं डोकं कुरवाळायलीस काय?" मग गोकाकची मैत्रीण उठली. तिची जोंधळ्याची रोट्टी. दोन्ही हातांनी थाड थाड थापटायची, खांद्यापासून. खालचा फरशीचा तुकडा बिचारा दिसत नव्हता, पण ऐकू येत होता. मला ती भांडण झालेल्या सुनेसारखी वाटली.

अर्धा तास वाद चालला, भाकरी कुणाची खरी. हाताला पण बोली असते हे मला त्या दिवशी कळलं. शेवटी दोन बायका दाखवायच्या ठरल्या, शेजारणी. एक कुरवाळणारी, एक थापटणारी. एकीनं दुसरीकडं पाहून नाक मुरडायचं आणि मग दोघींनी एकमेकींच्या ताटातली उचलून खायची. अण्णा म्हणाला, "हे नाटकापेक्षा बरं झालंय." म्हणताना तो खूश नव्हता.

प्रत्यक्ष स्पर्धेचं फारसं सांगण्यासारखं नाही. दिवे, टाळ्या, मेकअपचा वास, कुणाची तरी हरवलेली चप्पल. शेतकरी त्या वाक्यावर अडकला नाही. मी पडद्याआड श्वास धरून बसले होते, तर तो सगळं स्वतःच म्हणाला आणि म्हणून झाल्यावर माझ्या दिशेनं हळूच डोळा मारला. नंबर आला नाही. मूकाभिनयाचा आला. आप्पांना फोन केला तर म्हणाले, "न बोलता बक्षीस मिळवलीस? तू?"

एक काम मात्र मला आवडलं नाही. आंतरविद्यापीठ महोत्सवाच्या नियमांत, प्रादेशिक भाषेतल्या नाटकाचा सारांश इंग्रजीत किंवा हिंदीत आधी द्यावा लागतो. पुढं गेलो तर तयारी असावी म्हणून अण्णानं तो माझ्याकडून आधीच लिहून घेतला होता. एक पान. इंग्रजीत पिकाला वेगळा शब्द, डाळीला वेगळा, भावाला वेगळा. कुठं घसरायला जागाच नाही. एकही चूक न होता पान लिहून झालं. वाचून बघितलं तर ते बँकेच्या कर्जाच्या अर्जासारखं वाटत होतं.

यंदा मराठीचं प्रहसन बसतंय. दहा मिनिटांचं असल्यानं माणसं पुरली, एक वगळता. प्रॉम्प्टर. बैलहोंगलचा तोच मुलगा, लेकराचं डोकं म्हणणारा, स्वतःहून आला. त्याला मराठी कळतं, बोलतो मोडकं, वाचता येत नाही. दुसऱ्या दिवशी वही घेऊन हजर. कुणाकडून तरी वाचून घेऊन सगळं मराठी कन्नड लिपीत उतरवलेलं. लाल पेननं पात्रांची नावं.

"अक्का, एक अडचण आली बघ. तुमचे च दोन आहेत."

मी म्हटलं, छे, एकच आहे, लिहून बघ. मग त्यानं मला 'चार' म्हणायला लावलं. मग 'चाक' म्हणायला लावलं. मी म्हटलं. पुन्हा म्हटलं. मराठीत एम. ए.चं दुसरं वर्ष चालू असताना मला पहिल्यांदा माझी जीभ दोन वेगळ्या जागी टेकताना जाणवली. आपल्या लिपीतसुद्धा दोन्हींना अक्षर एकच, आपण नुसतं पाठ असल्यासारखं बोलून मोकळे होतो. त्याला काय सांगणार? माझी जुनी वही आणून त्याच्यासमोर ठेवली. त्यानं आडव्या रेघा बघितल्या, हसला, आणि पेन घेऊन 'चाक'च्या च खाली एक टिंब दिलं.

मग दुपारभर तो विचारत राहिला. 'चोर'ला टिंब? हो. 'चंद्र'ला? नको. 'चूल'? हो. 'चिंच'? इथं मी अडकले. दोन्ही म्हणून पाहिले आणि 'नको' म्हटलं.

"आणि 'चल, चहा घेऊ'?"

"चलला टिंब. चहाला नाही."

गाड्यापर्यंत चालताना तो ते घोळत होता. पोचल्यावर त्यानं छाती फुगवून म्हटलं, आणि दोन्ही च बरोबर उलटे आले. गाडेवाल्यानं वरही न बघता दोन कप पुढं सरकवले.