तुम्ही विचारलंत म्हणून: सोफिस्टांची बाजू मी का घेतो

"सर, सोफिस्ट म्हणजे प्राचीन ग्रीसमध्ये पैसे घेऊन खोट्याचं खरं करायला शिकवणारे. त्यांची वकिली तुम्ही का करता?" दर वर्षी कुणीतरी विचारतंच. एकदाच काय ते सांगून टाकतो.

अथेन्सच्या कोर्टात वकील नव्हते. भाषण फार तर दुसऱ्याकडून लिहून घ्या, पण शेकडो पंचांसमोर, पाण्याचं घड्याळ रितं व्हायच्या आत, बोलायचं स्वतःच. तिथे बोलायला शिकवणं हा गुन्हा? फीचं म्हणाल, तर प्लेटोच लिहितो: प्रोटागोरस या सोफिस्टाची फी पटली नाही तर शिष्याने देवळात शपथेवर शिकवणीचं मोल सांगायचं आणि तेवढंच द्यायचं. असा एक क्लास दाखवा मला.

आता कुत्र्याचं. प्लेटोच्या 'युथिडेमस' या संवादात डायोनिसोडोरस नावाचा सोफिस्ट विचारतो, कुत्रा तुझा ना? त्याला पिल्लं आहेत ना? म्हणजे तो बाप. बाप आहे आणि तुझा आहे, म्हणजे तो तुझा बाप! वर्गात हमखास हशा.

आमच्या घराच्या हक्कसोडपत्रावर सही करायला आत्या का-कू करत होती.

"आत्या, घर आपलंच ना?"

"आपलंच की."

"आपल्यात मी आलो ना?"

"आलास."

"मग माझ्या नावावर झालं काय नि आपल्या झालं काय!"

तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. मग हसली. "शिकलेल्याशी कोण बोलणार, बाबा." दुय्यम निबंधकाकडे मशीनवर तिचा अंगठा उमटेना. कामं करून रेषाच झिजलेल्या. चार वेळा पुसायला लावला. रुमाल मीच दिला.

त्या दिवाळीला तिने उंबऱ्याबाहेरून विचारलं, "येऊ का रे?" आजवर कधी विचारलं नव्हतं.

प्लेटोच्या संवादातला गॉर्जिअस, वक्तृत्व शिकवणारा, म्हणतो, आखाड्यात शिकलेल्या पोराने बापावर हात उचलला तर उस्तादाला दोष देऊ नका. हे वाक्य मी किती वेळा ढालीसारखं पुढे केलंय! पण इथे उस्ताद मीच, पोरही मीच. म्हणून सोफिस्टांना नावं ठेवणाऱ्या प्लेटोचंच खरं मानायचं? तेही जमत नाही. ॲरिस्टॉटलने सांगितलेले फसव्या युक्तिवादाचे 13 प्रकार मला तोंडपाठ. त्यातला एक जरी आत्याला कुणी शिकवला असता, तर तिने मला तिथेच पकडलं असतं.

पकडलंही असेल. हसली होती ना ती.