वरणातली गोळी

गुजरातेत दारूबंदी आहे, म्हणून आमच्याकडे येणाऱ्या बायकांना 'नवरा पितो' एवढं म्हणायलाही फार वेळ लागतो. ते म्हणणं म्हणजे घरच्या माणसाचा गुन्हा आपल्या तोंडाने सांगणं. 1949 चा दारूबंदी कायदा 1960 मध्ये राज्य वेगळं झाल्यावरही इथे लागू राहिला, आणि त्यात नुसतं पिणंही गुन्हा आहे. मार सहन होईना म्हणून बाईने पोलिसांना बोलावलं, तर ते नवऱ्याला घेऊन जातात आणि दुसऱ्या दिवशी जामिनाचे पैसे तिलाच उभे करावे लागतात. त्याचा तो दिवसाचा पगारही जातो. दारूची पोटली मात्र गल्लीच्या तोंडाशी मिळते. ती कुठे मिळते हे शाळेत जाणाऱ्या पोरांनाही माहीत असतं.

मी वडोदऱ्यातल्या एका व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशक आहे. शनिवारी दुपारी दांडिया बाजारातल्या एका जुन्या इमारतीत, वरच्या मजल्यावर, पिणाऱ्यांच्या बायकांचा गट बसतो. पद्धत अमेरिकेत 1951 मध्ये सुरू झालेल्या अल-अनॉन या पिणाऱ्यांच्या घरच्यांच्या गटासारखी आहे. आडनाव विचारायचं नाही, सल्ला द्यायचा नाही, आपलं आपण सांगायचं. हे मी घडवलेलं नाही, हे माझ्या ताब्यात नाही, हे मी बरं करू शकत नाही, ही तीन वाक्यं सुरुवातीला सगळ्या मिळून म्हणतात. बहुतेक मराठी, दोघी-तिघी गुजराती. गुजरातीत सुरू झालेलं वाक्य मराठीत संपतं आणि कुणाचं काही अडत नाही.

त्या शनिवारी मांजलपूरची एक तिशीतली ताई पहिल्यांदाच हसत आली. नवरा मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, कारखान्यात. ती म्हणाली, "आता ह्यांना दारू सोसतच नाही. प्यायले की तोंड लालेलाल होतं, भडाभडा उलटी होते. परवा तर मोरीत पडले."

कुणीतरी विचारलं, "असं कशाने झालं गं?"

"रात्रीच्या वरणात अर्धी गोळी कुटून घालते. त्यांना कळत नाही."

खोलीतल्या बायका सरसावून बसल्या. कुठे मिळते, कितीला मिळते, कडू लागते का? एकीने पर्समधून पेन काढलं. मग जे बोलणं सुरू झालं ते मी या कामात तोवर ऐकलं नव्हतं. प्रत्येकीने काही ना काही चारलेलं होतं. एकीने चहातून अंगारा दिला होता. एकीने भिंतीवरच्या जाहिरातीतला नंबर फिरवून, बिनावासाची म्हणून पुडी मागवली होती. साठीच्या पुढच्या एक काकू, ज्या एरवी फार कमी बोलतात, त्या म्हणाल्या, "मी घुबडाचं नख उगाळून दिलंय. सासूबाईंनीच आणून दिलं होतं." कुणी हसलं नाही. नवऱ्याला समजावून, रडून, माहेरी जाऊन, पोरांची शपथ घालून झालं की बाईच्या हातात स्वयंपाकघर तेवढं उरतं. तिथे ती जे करते त्याला मी कधीही मूर्खपणा म्हणणार नाही.

पण गोळीचं पाकीट पाहिलं आणि माझ्या पोटात गोळा आला. डायसल्फिराम. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी 1948 मध्ये पुढे आणलेलं हे औषध खरं आहे, उपयोगीही आहे, पण ज्याने घ्यायचं त्याला ठाऊक असेल तरच. दारू शरीरात मोडताना अ‍ॅसिटाल्डिहाइड नावाचा विषारी पदार्थ तयार होतो आणि लगेच पुढे मोडला जातो. ही गोळी ते पुढचं मोडणं अडवते. विष साचतं, छाती धडधडते, रक्तदाब खाली येतो. ज्याला माहीत असतं तो घाबरून ग्लासाला हात लावत नाही. ज्याला माहीत नसतं तो पितच राहतो, आणि त्यात माणूस दगावूही शकतो.

मी हे सांगितल्यावर कोपऱ्यातली गुजराती बेन म्हणाली, "आ तो झेर कहेवाय." हे तर विषच म्हणायचं.

मांजलपूरच्या ताईचं हसू गेलं. "आज शनिवार आहे. साडेपाचला सुटी झाली की ते घरी येत नाहीत, परस्पर जातात." घड्याळात चार वाजून गेले होते. तिने फोन लावला, पण कारखान्यात मोबाइल गेटवरच जमा करावा लागतो. मी आमच्या मानसोपचारतज्ज्ञांना फोन केला. ते म्हणाले, गोळी आजपासून बंद, पण तिचा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. तोवर दारूचा थेंब नको, अल्कोहोल असलेलं खोकल्याचं औषधही नको. आणि घरात कोंडून ठेवू नका. रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली तर पहिल्या एक-दोन दिवसांत फिट येऊ शकते, दोन-तीन दिवसांनी भ्रम होऊ शकतो. आज रात्रीच इकडे आणा.

म्हणजे पिऊ द्यायचं नव्हतं आणि नुसतं थांबवूनही भागणार नव्हतं. त्याला सांगण्यावाचून मार्ग नव्हता.

"ते मला मारून टाकतील," ताई म्हणाली. मी सांगू का, असं विचारलं तर नको म्हणाली. 181 हा महिलांसाठीच्या अभयम् हेल्पलाइनचा नंबर माझ्या फोनमध्ये काढून ठेवला आणि तिला तसं दाखवलं. घुबडाच्या नखाच्या काकू उठल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, "चल, मी येते. माझा राहिला नाही, तुझा आहे." आम्ही तिघी रिक्षाने मकरपुऱ्याला निघालो. वाटेत ताई एकच वाक्य मनाशी घोळत होती, ओठ हलताना दिसत होते.

सुटी झाली. तो इतरांबरोबर गेटबाहेर आला, बायकोला बघून दचकला. पोरांना काही झालं का, हेच पहिल्यांदा विचारलं. ती म्हणाली नाही, आणि तिथेच, सायकली-स्कूटरच्या गर्दीत, सांगून टाकलं. मी वरणातून गोळी देत होते. त्यानेच तुम्हाला होतंय. आज प्यायलात तर जीव जाईल.

त्याने हात उचलला नाही. तो रस्त्याच्या कडेला मटकन बसला. बऱ्याच वेळाने म्हणाला, "म्हणजे लठ्ठा नव्हता?"

लठ्ठा म्हणजे मिथेनॉल मिसळलेली विषारी दारू. 2009 मध्ये अहमदाबादेत तिने शंभराहून जास्त माणसं मारली, 2022 मध्ये बोटाद भागात चाळीसहून जास्त. मिथेनॉलने आधी डोळे जातात, हे इथल्या प्रत्येक पिणाऱ्याला माहीत असतं. उलट्या सुरू झाल्यापासून हा माणूस रोज सकाळी उठून एक डोळा झाकायचा आणि समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरची तारीख वाचता येते का ते बघायचा. मग दुसरा डोळा. पोलीसकेस होईल म्हणून दवाखान्यात गेला नव्हता. बायको घाबरेल म्हणून घरी बोलला नव्हता.

ताई त्याच्यासमोर उकिडवी बसली. "विष आहे असं वाटत होतं तुम्हाला?"

"हो."

"आणि तरी रोज जात होता?"

तो जमिनीकडे बघत राहिला. तिने पुन्हा विचारलं नाही. व्यसन हा आजार आहे हे मी गटात किती प्रकारे समजावते, तक्ते लावते, मेंदूचं चित्र काढते. तिला ते त्या फुटपाथवर कळलं, हे मला तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. जो माणूस मरणाच्या भीतीने थांबत नाही, तो अर्ध्या गोळीने कसा थांबणार? काकूंनी दोघांना पाणी दिलं आणि त्याला म्हणाल्या, "उठा भाऊ, डॉक्टर वाट बघतायत."

तो आला. ईसीजी ठीक निघाला. काही दिवस दाखल राहिला, हातांची थरथर गेली, बी-वन जीवनसत्त्वाची इंजेक्शनं झाली. घरी गेल्यावर दीडेक महिना चांगला गेला आणि मग पुन्हा प्यायला. बायकोच्या हातचं वरण मात्र तो बरेच दिवस खात नव्हता. आधी ती खायची, मग तो. ताईला त्याचं वाईट वाटायचं, आणि ते तिने गटात सांगितलं. आता तो अधूनमधून ओपीडीत येतो, कधी येत नाही. ती शनिवारी येते.

त्यानंतरच्या शनिवारी गट बसल्यावर मी आधी टेबल मोकळं केलं आणि कुणाकडे काय असेल ते ठेवायला सांगितलं. दोन पाकिटं आली, तीन पुड्या, अंगाऱ्याची एक डबी. एका शिक्षिका ताईंनी पर्स मांडीवरच घट्ट धरली होती. त्या म्हणाल्या, "मी अजून देते. मला बंद करायची भीती वाटते." मी त्यांच्याशेजारी खुर्ची ओढली आणि तिथूनच डॉक्टरांना फोन लावला.